विज्ञान एकमध्ये १४, विज्ञान दोनमध्ये २९: हे मार्क वाचायचे कसे?

एका ताईंनी विचारलंय: मुलगी दहावीत आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्रजी, तालुक्याच्या गावची शाळा. सहामाहीला विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी १४ आणि भाग २ मध्ये ४० पैकी २९ पडले. वर्गशिक्षिका म्हणतात, ‘अभ्यास वाढवा.’ क्लासवाले म्हणतात, ‘क्रॅश बॅच लावा.’ मुलीचे वडील म्हणतात, ‘चुलतभाऊ इंजिनीअर झाला, हीसुद्धा अकरावीला सायन्सच घेणार.’ ताईंची स्वतःची दहावी नव्वदच्या दशकातली, पुढे कला शाखा. मुलगी हुशार आहे की कच्ची, आणि ज्याला स्वतःला विज्ञान येत नाही अशा आईने घरात करायचं तरी काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, मी वर्षानुवर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवतोय आणि बोर्डाचे पेपरही तपासतो. पालकसभेत हाच प्रश्न थोड्याफार फरकाने दरवर्षी समोर येतो. हुशार की कच्ची हे १४ आणि २९ या दोन आकड्यांवरून मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही. पण दोन पेपरांत पंधरा मार्कांचा फरक पडलाय, तोच मला महत्त्वाचा वाटतो. अभ्यासच करत नसती तर दोन्हीकडे बोंब असती. तेव्हा ‘अभ्यास वाढवा’ हा सल्ला तुमच्या मुलीला फारसा लागू पडत नाही. विचारायचं ते असं, की भाग १ मधले २६ मार्क नेमके कुठे गेले? ते मार्कांच्या यादीत दिसत नाही, तपासलेल्या उत्तरपत्रिकेत दिसतं. ती मागून घ्या. शाळा सहामाहीचे पेपर मुलांना दाखवतात. पालकांनी मागितले तर बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत.

पेपर हातात येण्याआधी परीक्षेचा ढाचा समजून घ्या, कारण आपल्या वेळचं गणित आता चालत नाही. आपल्या वेळी ७५० पैकी मार्क असायचे, त्यात विज्ञानाचे १५०. आता सहा विषय, प्रत्येकी १००, एकूण ६००. त्यातले सर्वांत चांगले पाच विषय धरून टक्केवारी निघते, यालाच ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ म्हणतात. विषयाचं पूर्ण नाव ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’. त्याचे दोन लेखी पेपर, वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकी ४० मार्क आणि दोन तास. उरलेले २० मार्क प्रात्यक्षिकाचे, ते शाळेतच होतं. गुणपत्रिकेवर मात्र शंभरपैकी एकच आकडा येतो. भाग १ आणि भाग २ मध्ये वेगळं पास व्हावं लागत नाही, तिन्हींची बेरीज बघतात आणि पासाची रेघ ३५ ला आहे.

आता या शंभरातले प्रात्यक्षिकाचे २० बाजूला काढून बघायची सवय लावा. ज्या मुलाने प्रयोगवही पूर्ण केली, प्रात्यक्षिकाला हजर राहिला, त्याला २० पैकी १७-१८ पडणं अगदी नेहमीचं आहे. समजा एखाद्याला विज्ञानात ७२ पडले आणि त्यातले १८ प्रात्यक्षिकाचे. लेखी उरले ८० पैकी ५४, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के. निकालाच्या दिवशी पेढे वाटताना हे कुणी बघत नाही, आणि बघूही नये. पण अकरावीला सायन्स घ्यायचं की नाही हे ठरवताना ५४ बघायचे, ७२ नाही. तुमच्या मुलीचे आत्ताचे लेखी मार्क १४ आणि २९, म्हणजे ८० पैकी ४३. त्यात प्रात्यक्षिकाचे १७ मिळवले की ६०. म्हणजे नापासाची भीती तुम्ही आजच मनातून काढून टाका, तो प्रश्न इथे नाहीच.

आता दोन भागांबद्दल. सध्याची दहावीची पुस्तकं २०१८ साली आली. भाग १ मध्ये गुरुत्वाकर्षण, मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन, भिंगे, धातुविज्ञान, कार्बनी संयुगे आणि शेवटी अवकाश मोहिमा असे दहा पाठ आहेत. थोडक्यात फिजिक्स आणि केमिस्ट्री. भाग २ ला लोक सरसकट बायोलॉजी म्हणतात. तसं ते नाही. आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचे वर्गीकरण, सूक्ष्मजीवशास्त्र, पेशीविज्ञान हे त्यात आहेच, पण पर्यावरणीय व्यवस्थापन, हरित ऊर्जा, सामाजिक आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापनही त्यातच आहे. यातले काही पाठ नीट वाचणाऱ्या कुठल्याही मुलीला इतिहास-भूगोलासारखे लिहिता येतात. म्हणून भाग २ ला २९ पडले की ‘हिला बायोलॉजी जमतं, डॉक्टर करूया’ ही उडी मारू नका. दुसरीकडच्या १४ वरून ‘हिला सायन्स झेपणार नाही’ असंही आत्ताच म्हणू नका. सहामाहीला कोणते पाठ होते, हे आधी विचारा. भाग २ च्या पेपरात पर्यावरण आणि हरित ऊर्जेवर मार्क पडले की आनुवंशिकता, पेशीविभाजन यांवर, याने चित्र बरंच बदलतं.

दोन्ही भागांच्या पेपरचा साचा मात्र एकच आहे. पहिला प्रश्न दहा मार्कांचा, पाच बहुपर्यायी आणि पाच एका मार्काचे छोटे, सगळे सक्तीचे. दुसऱ्यात शास्त्रीय कारणं, तीनपैकी दोन, आणि दोन-दोन मार्कांचे पाचपैकी तीन प्रश्न. तिसऱ्यात तीन-तीन मार्कांचे आठपैकी पाच. चौथ्यात पाच मार्कांचा एक मोठा प्रश्न, दोनपैकी एक. छापलेले प्रश्न ६० मार्कांचे, सोडवायचे ४०. ही २० मार्कांची मोकळीक मुलांना सोयीची वाटते आणि त्यातूनच ‘दोन-तीन पाठ ऑप्शनला टाकले’ ही भाषा येते. काठावरच्या मुलाला मी स्वतः हे सांगतो, फेब्रुवारीत त्याच्याकडे वेळच नसतो. पण पहिल्या प्रश्नाला पर्याय नाही आणि तो सगळ्या पाठांवर पसरलेला असतो. शिवाय आज टाकलेला विजेचा पाठ अकरावीत दुप्पट होऊन समोर येतो. सायन्सचा विचार असलेल्या मुलीने ऑप्शनचं नाव काढू नये.

आता उत्तरपत्रिका उघडा. तुम्हाला विज्ञान यायची गरज नाही, फक्त गेलेले मार्क वेगळे काढायचेत. मुलीला शेजारी बसवा, लाल पेनाची प्रत्येक खूण बघा आणि एकेका प्रश्नाला विचारा: येत नव्हतं, येत होतं पण लिहिलं नाही, की लिहिलं पण मार्क कापले? तिन्हींची बेरीज वेगवेगळी करा. रागवायचं नाही, नाहीतर ती सगळंच ‘येत होतं’ मध्ये टाकेल.

एक उदाहरण देतो, असं दर बॅचला सापडतं. प्रश्न असा: एक चेंडू सरळ वर फेकला, तो २० मीटर उंच गेला. फेकताना त्याचा वेग किती होता? गुरुत्वत्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरा. वरच्या टोकाला चेंडू क्षणभर थांबतो, म्हणून शेवटचा वेग शून्य. चेंडू वर जातोय आणि गुरुत्वाकर्षण खाली ओढतंय, म्हणून त्वरण उणे १०. गतीच्या तिसऱ्या समीकरणात (शेवटच्या वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × अंतर) हे घातलं की सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ४०० येतो आणि वेग २० मीटर प्रति सेकंद. आता बरीच मुलं त्वरण उणे घेतच नाहीत, नुसतं १० घेतात. मग वर्ग येतो उणे ४००. उणे संख्येचं वर्गमूळ निघत नाही हे त्यांना माहीत असतं, मग ती काय करतात? उण्याची आडवी रेघ खोडरबरने पुसून टाकतात आणि खाली ऐटीत २० लिहितात! आईने वहीत बघितलं तर उत्तर बरोबर. तपासणाऱ्याला मात्र वरच्या ओळीतली किंमत आणि खालचं उत्तर जुळत नाही हे लगेच दिसतं, आणि किंमती घालण्याचा मार्क जातो. शेवटी एकक लिहिलं नसेल तर आणखी कापले जातात. दिलेली माहिती, सूत्र, किंमती, उत्तर एककासह अशा पायऱ्यांनी मार्क मिळतात, नुसत्या शेवटच्या आकड्याला नाही. उलटही खरं आहे. शेवटची आकडेमोड चुकली तरी वरच्या पायऱ्यांचे मार्क मिळतात, म्हणून ‘येत नाही’ म्हणून कोरं सोडण्यात काहीच शहाणपण नाही.

ही चूक दहावीची नाही, हे लक्षात घ्या. गतीची समीकरणं नववीच्या पहिल्याच पाठात आहेत, ‘गतीचे नियम’ मध्ये. विद्युतधारेचे परिणाम हा दहावीचा पाठ नववीच्या ‘धारा विद्युत’ वर उभा आहे. भिंगांची गणितं सोडवताना अंतर कुठल्या बाजूला धन आणि कुठल्या बाजूला ऋण धरायचं तो चिन्हसंकेत नववीच्या ‘प्रकाशाचे परावर्तन’ मध्ये आरशांसाठी येऊन गेलेला असतो. रासायनिक समीकरण संतुलित करायला संयुजा (मूलद्रव्याची दुसऱ्यांशी जोडलं जाण्याची क्षमता) लागते, ती आठवीत ‘अणूचे अंतरंग’ मध्ये आणि पुन्हा नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’ मध्ये. म्हणजे भाग १ च्या जवळजवळ प्रत्येक पाठाखाली मागच्या वर्गाची उधारी असते. ती फेडलेली नसेल तर मुलगी दहावीच्या पाठावर कितीही तास बसली तरी व्याजच भरत राहते. भाग २ चं तसं नाही. तिथले बरेचसे पाठ आपापल्या पायावर उभे आहेत, त्यामुळे नववीत कच्चं राहिलेलं मूल दहावीत मेहनत करून तिथे २९ आणू शकतं. तुमच्या मुलीचं नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. खात्री उत्तरपत्रिकेतूनच होईल.

तशी उधारी निघालीच तर ती फेडायला फार दिवस लागत नाहीत, हेही सांगतो. नववीचं अख्खं पुस्तक पुन्हा वाचायचं नाही. संयुजा आणि सूत्रं लिहिणं, गतीची तीन समीकरणं, ओहमचा नियम, आरशाचा चिन्हसंकेत, आणि गणितातलं समीकरणात एक राशी दुसऱ्या बाजूला नेणं, एवढंच. रोज पाऊण तास दिला तर महिन्याच्या आत हे होऊ शकतं. शेवटचा मुद्दा, म्हणजे राशी बाजू बदलणं, मी मुद्दाम घातलाय. विज्ञानात अडकलेली कितीतरी मुलं खरं तर बीजगणितात अडकलेली असतात. सूत्र पाठ असतं. त्यातून हवी ती राशी मोकळी करता येत नाही. तिच्या गणित भाग १ च्या, म्हणजे बीजगणिताच्या, मार्कांकडेही एकदा नजर टाका. तिथेही दाणादाण असेल तर सुरुवात तिथून करा.

तुम्ही विचारलंय, मला येत नाही तर मी काय करू. एक काम तुम्ही करू शकता आणि ते शिक्षकाला चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात करता येत नाही: ऐकणं. तिला एक शास्त्रीय कारण तोंडी सांगायला लावा. बल्बच्या कुंतलासाठी, म्हणजे आतल्या तारेसाठी, टंगस्टन का वापरतात? ती म्हणेल, ‘कारण त्याचा द्रवणांक जास्त असतो.’ तुम्ही फक्त विचारा, ‘बरं, मग?’ मग तिला पुढचं बोलावं लागेल: वीज वाहायला लागली की तार प्रचंड तापते, तापून प्रकाश देते, दुसरा धातू असता तर त्या तापमानाला वितळला असता, टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही. दोन मार्कांचं उत्तर हे आहे. पहिलं वाक्य अर्ध्या उत्तराचं होतं. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार लहान का होत जातो, याचंही तसंच. ‘कारण अणुत्रिज्या कमी होते’ असं ती म्हणाली तर तिने प्रश्नच उलटा करून परत दिलाय. कवचांची संख्या तीच राहते, केंद्रकावरचा धनप्रभार वाढत जातो, इलेक्ट्रॉन आत ओढले जातात, हे आलं पाहिजे. ‘बरं, मग?’ विचारायला तुम्हाला आवर्तसारणी यावी लागत नाही. कारण ऐकून तुम्हाला पटलं की नाही, एवढं सांगितलंत तरी पुष्कळ. स्वयंपाक करता करता होणारं काम आहे हे.

सेमी इंग्रजीची यात एक वेगळी अडचण आहे आणि ती घरात कुणी बोलत नाही. मुलं इंग्रजी वाक्यं पाठ करतात, अर्थ न लागता. पेपरात प्रश्न थोडा फिरवून विचारला की संपलं. तिला सांगा, आधी मराठीत समजावून दे, मग इंग्रजीत लिही. बालभारतीच्या संकेतस्थळावर याच पुस्तकाची मराठी आवृत्ती मोफत मिळते. तीच पानं, तीच चित्रं, मजकूर मराठीत. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की तुम्हालाही धडा कशाबद्दल आहे ते कळेल आणि तिला टाळता येणार नाही. मराठीत सांगता येतंय पण इंग्रजीत लिहिता येत नाही, असं निघालं तर दुखणं भाषेचं आहे आणि त्यावर उपाय रोज चार-पाच वाक्यं स्वतःच्या मनाने लिहिणं हाच. मराठीतही सांगता येत नसेल तर ती वर सांगितलेली उधारी आहे. दोन्हींवर एकच औषध देऊन चालत नाही.

क्लासबद्दल मी सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही. शिकवणाऱ्यावर आहे, तुमच्या ऐपतीवर आहे, जाण्यायेण्यात किती वेळ जातो त्यावरही आहे. पण क्रॅश बॅच म्हणजे दहावीचा अभ्यासक्रम पुन्हा एकदा भरधाव. जिचं नववीचं राहिलंय तिला त्याच रस्त्यावरून दुप्पट वेगाने नेऊन काय मिळणार? क्लासवाल्यांना तिची उत्तरपत्रिका दाखवा आणि विचारा, ‘नववीचं काढून शिकवाल का?’ पेपर न बघताच ‘सगळं कव्हर करतो’ म्हणाले तर पैसे जपून ठेवा. गावात एखादी बी.एस्सी. झालेली ताई असेल, जी आठवड्यातून तीन दिवस तासभर समोर बसून गणितं करून घेईल, तर ती मला पन्नास जणांच्या बॅचपेक्षा जास्त भरवशाची वाटते. शाळेच्या विज्ञान शिक्षकांनाही विचारून बघा. नेमकी अडचण घेऊन गेलेल्या पालकाला शिक्षक वेळ देतात. ‘हिच्यावर लक्ष ठेवा’ म्हणणाऱ्याला ‘हो हो’ म्हणून वाटेला लावतात, आम्हीही तेच करतो.

भाग २ मधले गेलेले ११ मार्क मी घाईने सोडून देतोय, कारण तिथे काम कमी आहे. बहुधा एका मार्काचे प्रश्न, आकृतीला नावं न देणं आणि सूत्री विभाजन-अर्धगुणसूत्री विभाजनातल्या टप्प्यांचा गोंधळ. पेन्सिलने आकृती, स्केलने रेघा, नावं उजव्या बाजूला एकाखाली एक. सरावाने सुधारतं.

प्रात्यक्षिकाचं मात्र गृहीत धरू नका. प्रयोगवही जानेवारीत एका रात्रीत मैत्रिणीची बघून उतरवायची पद्धत आहे, शाळांनाही ती माहीत आहे. मार्क मिळतातही त्यात. पण ओहमच्या नियमाचा प्रयोग जिने स्वतः जोडलाय, तारा उलट्या लावून काटा मागे गेलेला बघितलाय, तिला विजेचा पाठ वेगळा शिकवावा लागत नाही. तुमच्या शाळेत प्रयोग प्रत्यक्ष करून घेतात का, एवढं मुलीला विचारा.

आतापर्यंतचं एकत्र सांगतो: १४ हा आळसाचा पुरावा नाही, २९ हा डॉक्टरकीचा नाही, उत्तरपत्रिका आणा, गेलेले मार्क तीन प्रकारांत वाटा, नववीचं जे राहिलंय ते आधी भरा, आणि बाकी अभ्यास जसा चाललाय तसा चालू द्या.

आता वडिलांचा मुद्दा, अकरावी सायन्स. आज ठरवू नका, ठरवायची गरजही नाही. अकरावीचे अर्ज निकालानंतर भरायचे असतात. २०२५ पासून सगळ्या राज्यात ही प्रक्रिया ऑनलाइन आहे. मी तुमच्या जागी असतो तर जानेवारीच्या पूर्वपरीक्षेची वाट बघितली असती. नववीचं भरून काढल्यावर भाग १ चे १४ जर २४-२५ पर्यंत गेले, तर मुलीला विषय कळतो, फक्त पाया सुटला होता. सायन्स घ्यायला हरकत नाही. प्रामाणिक मेहनत करूनही आकडा तिथेच अडला आणि गणितातही तीच कथा असेल, तर मी सावध होईन. चुलतभाऊ इंजिनीअर झाला, त्याचा अभिमान वाटू दे. पण पेपर त्याला लिहायचा नाहीये.

सावध का, तेही सांगतो. अकरावीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी वेगवेगळे होतात, सायन्स बहुतेक ठिकाणी पूर्ण इंग्रजीत, आणि फिजिक्सच्या सुरुवातीलाच सदिश, त्रिकोणमिती धडाधड येते. दहावीला ९० टक्के घेतलेली मुलं तिथे पहिल्या चाचणीत आडवी होतात, कारण त्या नव्वदात प्रात्यक्षिकाचे आणि पाठांतराचे किती होते हे कुणी बघितलेलं नसतं. ‘मॅथ्स सोडू, बायोलॉजी ठेवू’ हा मार्ग आहे, पण त्याने भाग १ पासून सुटका होत नाही. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गटात २०० पैकी १०० मार्क बायोलॉजीचे आणि उरलेले १०० फिजिक्स-केमिस्ट्रीचे. डॉक्टरकीच्या ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेत तर ७२० पैकी निम्मे, ३६०, फिजिक्स-केमिस्ट्रीचे, आणि चुकलेल्या उत्तराला एक मार्क उणे. सीईटीत ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमाचा आणि २० टक्के अकरावीचा असतो, त्यामुळे अकरावी ‘आरामाचं वर्ष’ समजणाऱ्या घरांनाही तिथे धक्का बसतो.

आणि इंजिनीअरच व्हायचं असेल तर अकरावी सायन्स हा एकमेव रस्ता नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते, प्रवेश दहावीच्या मार्कांवर मिळतो, आणि पदविकेनंतर इंजिनीअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. हाताने काम करायला आवडणाऱ्या पण प्रवेशपरीक्षांच्या रगाड्यात गुदमरणाऱ्या मुलांना मी हे सुचवतो. चांगल्या शासकीय तंत्रनिकेतनांची प्रवेशयादी बऱ्याच वरच्या मार्कांवर बंद होते, तेवढी तयारी ठेवा. तिच्या चुलतभावाला एकदा विचारा, त्याच्या वर्गात पदविकेहून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली किती मुलं होती आणि ती वर्कशॉपमध्ये कशी होती. वडिलांना माझ्यापेक्षा त्याचं उत्तर पटेल.

एक फाटा फोडतो. शेजारच्या सीबीएसईच्या मुलाशी तुलना करत असाल तर थांबा. त्यांचा विज्ञानाचा एकच पेपर, ८० मार्कांचा, तीन तासांचा, शाळेकडचे २०. पुस्तक वेगळं, प्रश्नांची ठेवण वेगळी. त्याचे ७८ आणि हिचे ६० एका तराजूत घालता येत नाहीत.

बोर्डाच्या निकालानंतर मार्क अनपेक्षित कमी वाटले तर गुणपडताळणी करता येते आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रतही मागवता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी छायाप्रत घ्यावीच लागते. मुदत थोडी असते, म्हणून निकालाच्या दिवशीच तारखा बघून ठेवा. पण छायाप्रत मागवून उणे ४०० खालची खाडाखोड सापडली, तर त्याचे मार्क कुणी वाढवून देणार नाही.

उद्या शाळेत जाल तेव्हा दोन्ही पेपर मागा, एकटा भाग १ चा नको. शक्य झालं तर गणित भाग १ चाही. पहिल्या पानावरची बेरीज बघू नका, आतली पानं बघा. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांची आणि अर्ध्या मार्कांवर अडकलेल्या प्रश्नांची संख्या इथे लिहून कळवा, पाठांच्या नावांसकट. मग नववीतलं आधी काय काढायचं ते मी नेमकं सांगतो.